स्वस्त फ्रोझन पाकिटांची पारख : बडोद्याच्या स्वयंपाकघरासाठी

फ्रोझन पाकीट आणायचं, तळायचं, चटणीबरोबर खायचं आणि 'ठीक आहे' किंवा 'बेकार आहे' म्हणून मोकळं व्हायचं, अशी बहुतेक घरांतली परीक्षा असते. असा निकाल त्या पदार्थाला लागू पडेलच असं नाही. पाकीट घरी येईपर्यंत किती मऊ पडलं, आपला मायक्रोवेव्ह किती वॉटचा आहे, तेल किती तापलं होतं, या तीन गोष्टींनी चव इतकी फिरते की चांगला पदार्थ नापास होतो आणि सुमार पदार्थ वर चढतो. म्हणून आधी या तिन्ही गोष्टी हातात आणायच्या आणि मगच गुण द्यायचे.

एका बैठकीत एकाच जातीचा माल घ्या. मलबार पराठा तर तीन-चार कंपन्यांचे मलबार पराठे, आलू टिक्की तर टिक्क्याच. पराठ्याची तुलना मोमोशी होत नाही. सुरुवात बटाट्याच्या पदार्थांनी केलेली बरी. उत्तर गुजरातेत, बनासकांठा-मेहसाणा पट्ट्यात, बटाटा भरपूर पिकतो आणि मेहसाणा जिल्ह्यात मॅककेन आणि हायफन यांचे कारखाने आहेत. शिवाय अहमदाबादचं वाडीलाल आणि आणंदचं अमूल आहेतच. त्यामुळे स्वस्त दरात तुलना करण्याइतके पर्याय इथे सहज मिळतात.

दुकानात

फ्रोझन माल उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड राहायला हवा. फ्रीझरवर आकडा दिसत असेल तर आधी तो वाचा. वरून सरकत्या काचेच्या आडव्या फ्रीझरमध्ये आतल्या भिंतीवर एक रेघ आखलेली असते. माल त्या रेघेच्या खालीच भरायचा असतो, पण गर्दीच्या दिवशी तो वरपर्यंत रचलेला दिसतो. रविवारी संध्याकाळी काचा सतत उघड्या राहतात आणि वरचा थर सगळ्यांत आधी मऊ पडतो. पाकीट खालच्या थरातून काढा, शक्यतो सकाळी. बाकीचं सामान घेऊन झाल्यावर, बिलाच्या रांगेत उभं राहायच्या अगदी आधी फ्रीझरकडे वळा.

मग हातांनी तपासा. मटारचं पाकीट हलवलं की दाणे सुटे वाजले पाहिजेत. आत ढेकूळ लागलं तर तो माल एकदा वितळून पुन्हा गोठला आहे. पराठ्याचं पाकीट सपाट हवं. बाक आलेला असेल तर पराठे मऊ पडून वाकले आणि तसेच गोठले. एकमेकांना चिकटलेले मोमो सोडवताना पारी फाटते आणि रस वाफेच्या भांड्यात उतरतो. पाकिटाच्या तळाशी बर्फाचा पातळ पापुद्रा दिसला, तर ते पाणी पदार्थातूनच बाहेर आलेलं आहे.

हे इतकं महत्त्वाचं का, तर कारखान्यात माल झपाट्याने गोठवतात. उणे १ ते उणे ५ अंशांचा टप्पा लवकर ओलांडला की बर्फाचे कण बारीक राहतात. तोच माल वितळून साध्या फ्रीझरमध्ये सावकाश पुन्हा गोठला की कण मोठे होतात, भाजीच्या पेशी फाडतात आणि शिजवताना सगळं पाणी सुटतं. टिक्की कढईत फुटते, पनीर भुसभुशीत होतं, मटार सुरकुततो. शिवाय गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. मधल्या काळात माल गरम राहिला असेल तर तेवढ्यात ते वाढलेले असतात. अशा पाकिटाला गुण देऊ नका. ते घेऊ नका, आणि चुकून घरी आलं तर परत करा.

घरी आणताना

मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० च्या वर असतो. स्कूटरच्या सीटखालच्या डिकीत उन्हाच्या जोडीला इंजिनाची ऊबही असते, म्हणून फ्रोझन पाकीट तिथे कधीच नको. आतून चंदेरी अस्तर असलेली जाड पिशवी घ्या, सगळी पाकिटं एकमेकांना चिकटवून ठेवा आणि भोवती वर्तमानपत्राचे चार-पाच थर गुंडाळा. असं बांधलेलं सामान अर्धा तास नीट टिकतं. अलकापुरीतून संध्याकाळच्या गर्दीत वाघोडिया रोडला पोचायला त्याहून वेळ लागणार असेल तर घराजवळच्या दुकानातूनच घ्या, दोन रुपये जास्त पडले तरी.

घरच्या फ्रीझरवर तारे छापलेले असतात. एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. पाकिटावर लिहिलेली महिन्यांची मुदत तीन ताऱ्यांच्या फ्रीझरची आहे. जुन्या एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुधा तिथवर पोचत नाही. तिथे पाकीट पाच-सात दिवसांत संपवा आणि तुलनेची सगळी पाकिटं एकाच दिवशी आणा, नाहीतर एक ताजं आणि एक थकलेलं अशी लढत होते. फ्रीझरचा थर्मामीटर दोन पाकिटांच्या मध्ये रात्रभर ठेवला की खरा आकडा कळतो.

वीज गेली होती का हे ओळखायला वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने शहराचे कितीतरी भाग पाण्यात होते. अशा दिवसांनंतर फ्रीझरमधला मऊ पडलेला माल चाखून बघायचा नसतो, टाकायचा असतो.

पाकीट वाचणं

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पनीरच्या भाजीत पाणी, कांदा, टोमॅटो, तेल आणि मग पनीर आलं तर काय मिळणार हे तिथेच कळलं. ज्या घटकाचं नाव पाकिटावर मिरवलेलं असतं त्याचं प्रमाणही टक्क्यांत दिलेलं असतं. तो आकडा वहीत लिहून घ्या, नंतर तपासायचा आहे. मलबार पराठ्यात कोणतं तेल किंवा वनस्पती तूप आहे ते बघा. थंड झाल्यावर टाळूला चिकटणारा थर त्याचाच असतो.

पोषणाच्या तक्त्यात सोडियम शोधा. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. १०० ग्रॅममध्ये ५५० मिलिग्रॅम असलेलं ३०० ग्रॅमचं जेवण एका बसण्यात १६५० मिलिग्रॅम देतं. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर हा आकडा चवीच्या आधी.

पदार्थ पूर्ण शिजवलेला आहे की अर्धा तळलेला, हेही वाचा. तयार भात-भाजी फक्त गरम करायची असते. नगेट्स, टिक्की, समोसे बहुधा अर्धवट तळलेले असतात, त्यांना पूर्ण शिजवावंच लागतं. चिकनच्या पदार्थांत तर आतला भाग ७५ अंशांपर्यंत गेलाच पाहिजे. दोनशे-तीनशे रुपयांचा टोचायचा डिजिटल थर्मामीटर या सगळ्या कामाला पुरतो.

मायक्रोवेव्ह

सगळ्यांत जास्त अन्याय इथे होतो. पाकिटावरची वेळ बऱ्याचदा ८०० किंवा ९०० वॉटच्या हिशेबाने असते आणि घरातला २० लिटरचा साधा मायक्रोवेव्ह बहुधा ७०० वॉटचा. वेळ बदलायची रीत सोपी आहे. पाकिटावरची वेळ गुणिले पाकिटावरचे वॉट, भागिले आपले वॉट. ९०० वॉटला ५ मिनिटं सांगितली असतील तर ७०० वॉटला सुमारे साडेसहा मिनिटं लागतील.

जुन्या मायक्रोवेव्हची ताकद कमी झालेली असते, म्हणून ती एकदा मोजून ठेवा. काचेच्या भांड्यात एक लिटर नळाचं पाणी घ्या, तापमान बघा, पूर्ण ताकदीवर बरोबर एक मिनिट फिरवा, ढवळा आणि पुन्हा तापमान बघा. जितके अंश वाढले त्यांना ७० ने गुणा. ९ अंश वाढले तर तुमच्याकडे ६३० वॉट आहेत, बाहेर काहीही छापलेलं असो.

कडेची भाजी उकळते आणि मधे बर्फाचा गोळा राहतो, याचं कारण म्हणजे बर्फ सूक्ष्मलहरी फार कमी शोषतो आणि पाणी भरपूर. कडेला एकदा पाणी सुटलं की सगळी ऊर्जा तेच खातं. त्यावर उपाय असा : पहिली दोन-तीन मिनिटं अर्ध्याहून कमी ताकदीवर, मग ढवळून कड मधे आणि मधला भाग कडेला, मग पूर्ण ताकदीवर उरलेली वेळ. शेवटी झाकून दोन मिनिटं तसंच ठेवा. या दोन मिनिटांत उष्णता आत पोचते, म्हणून ती शिजवण्याच्या वेळेतच धरा. मग मध्यभागी थर्मामीटर टोचा. ७५ दिसले पाहिजेत. पाकीट मायक्रोवेव्हमध्ये चालेल असं लिहिलेलं नसेल तर पदार्थ काचेच्या वाडग्यात काढा. लिहिलेलं असेल तर वरच्या पापुद्र्याचा एक कोपरा उचलून वाफेला वाट द्या.

भात आदल्या रात्रीपासून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवत ठेवू नका. शिजलेल्या भातातला स्टार्च शून्य ते चार अंशांत सर्वांत लवकर कडक होतो. गोठलेलाच घ्या, दर १०० ग्रॅमला एक मोठा चमचा पाणी शिंपडा आणि झाकून गरम करा. तरीही शीत दाताखाली टचटचलं तर दोष कंपनीचा. मलईच्या ग्रेव्हीवर तेल वेगळं तरंगलं तर दोन चमचे गरम पाणी घालून जोरात ढवळा. ती एकजीव झाली तर गुण कापू नका.

तवा, कढई, मोमोपात्र

मलबार पराठा फ्रीझरमधून थेट तव्यावर टाकायचा. बाहेर ठेवला तर पीठ सैल पडतं, मधला प्लास्टिकचा कागद चिकटतो आणि पदर एकमेकांत मिसळतात. तवा मध्यम आंचेवर तापवा, पराठा टाका, दोन मिनिटांनी उलटा, सोनेरी ठिपके येईपर्यंत आणखी दोन मिनिटं. पहिल्या पराठ्याला वरून तेल लावू नका. पिठातलं तेल पुरतं का ते तेव्हाच कळतं. उतरवल्यावर स्वच्छ फडक्यात धरून दोन्ही बाजूंनी हलके दाबा. पदर सुटे झाले तर तो मलबार, नाहीतर नुसती जाड मैद्याची पोळी. हा एकच निकष बहुतेक स्वस्त पराठ्यांचा निकाल लावून जातो.

तळताना तेल १७५ ते १८० अंश हवं. थर्मामीटर नसेल तर पावाचा तुकडा टाका, साधारण मिनिटभरात सोनेरी व्हावा. अर्धा लिटर तेलात एका वेळी १५० ग्रॅमपेक्षा जास्त गोठलेला माल नको, कारण तेल एकदम थंड पडतं आणि मग टिक्की तळली जात नाही, तेल पिते. समोशाला आंच थोडी मंद ठेवा, नाहीतर पारी लाल आणि सारण गार. वर चिकटलेला बर्फ झटकून मगच सोडा. तोच कढईत उसळतो आणि हातावर उडतो. एअर फ्रायरमध्ये सगळे नमुने २०० अंशांवर, आधी पाच मिनिटं तापवून, एकाच थरात आणि मधे एकदा हलवून करा. अर्धे कढईत आणि अर्धे एअर फ्रायरमध्ये अशी सरमिसळ केली की तुलना संपली.

मोमोपात्राच्या जाळीला तेलाचं बोट फिरवा, मोमोंमध्ये बोटभर अंतर ठेवा आणि पाणी खळखळायला लागल्यावरच वर चढवा. आठ ते दहा मिनिटं पुरतात. आंच बंद केल्यावर मिनिटभर थांबून उचला, नाहीतर बूड जाळीलाच राहतं.

पैशांचा हिशेब

पाकिटावर एमआरपीजवळ प्रति ग्रॅम दर छापलेला असतो, तिथून सुरुवात करा. पण तेवढ्याने पोट भरत नाही. समजा ४०० ग्रॅमचं पाकीट १२० रुपयांना आहे. १०० ग्रॅम ३० रुपयांना पडले. तक्त्यात १०० ग्रॅमला ६ ग्रॅम प्रथिनं असतील तर पाकिटात २४ ग्रॅम झाली, म्हणजे १० ग्रॅम प्रथिनांचे ५० रुपये. तूरडाळीशी ताडून बघा. नुसती ग्रेव्ही असेल तर वरचा भात किंवा पोळी मिळवा आणि ४५० ते ५०० किलोकॅलरीच्या एका ताटाचा दर काढा. स्वस्त वाटणारी ३०० ग्रॅमची भाजी दोघांना पुरत नाही, हे या हिशेबात लगेच उघडं पडतं.

तळणीचं तेल मोजायला पदार्थ तोलून उपयोग नाही, कारण त्यातून पाणी जातं आणि तेल आत येतं. कढईसकट तेल तळण्याआधी आणि गार झाल्यावर तोला. जे कमी झालं ते पदार्थात गेलं. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं, त्यावरून रुपये निघतात.

आता वजनकाटा पदार्थावर. पाकिटातला माल भरल्या वजनाएवढा आहे का बघा. ४०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात १२ ग्रॅमपर्यंतची तूट नियमात बसते, त्याहून जास्त नाही. तीन समोसे कापून पारी आणि सारण वेगवेगळं तोला. सारण निम्म्याहून कमी भरलं तर तुम्ही मैद्याचे पैसे दिले. पनीरचे तुकडे चाळणीत धुऊन, टिपून तोला आणि मघाशी लिहिलेल्या टक्क्यांशी जुळवा. शिजताना थोडं वजन घटतं, पण २० टक्क्यांच्या जागी १२ निघाले तर ती घट नव्हे.

पराठ्यांचे जुने दर हिशेबात धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्याआधी गोठवलेल्या पराठ्यावर तो १८ टक्के होता.

मटारचा हिशेब हंगामाप्रमाणे बदलतो. किलोभर शेंगांतून साधारण ४०० ते ४५० ग्रॅम दाणे निघतात, म्हणजे दाण्यांचा भाव शेंगांच्या सव्वादोन ते अडीचपट. जानेवारीत खंडेराव मार्केटमध्ये शेंगांचा ढीग लागलेला असताना फ्रोझन मटारला किमतीचे गुण जवळजवळ मिळत नाहीत. जूनमध्ये तेच पाकीट पूर्ण गुण घेतं.

गुण देताना

५० गुण पुरेत. चव १५, पोत १०, ऐवज म्हणजे सारण आणि पनीर १०, किंमत १०, आणि पाकिटावरची कृती पाळून पदार्थ नीट झाला का याचे ५. पाकिटावरच्या चित्राशी जुळण्याचे गुण ठेवलेले नाहीत, ते चित्र कोणी खात नाही. सांगितलेली पूर्ण वेळ देऊनही आतला भाग ७५ अंशांना पोचला नाही, तर शेवटचे पाच गुण शून्य. वेळ वाढवून तो पूर्ण गरम केल्याशिवाय चाखायला देऊ नका.

जो शिजवतो त्याने गुण द्यायचे नाहीत. ताटल्यांच्या खाली क्रमांक चिकटवा, पाकिटं नजरेआड ठेवा. निदान तीन जण हवेत, आणि त्यांत एक वयस्क असावं, कारण मोठी माणसं बहुधा तेल-मिठाकडे लक्ष देतात, तर कॉलेजातली मुलं आधी कुरकुरीतपणाकडे. दोन्ही मतं खरी आहेत, म्हणून नुसती सरासरी लिहू नका, तिघांचे आकडे वेगळे लिहा. एका वेळी चारपेक्षा जास्त नमुने नकोत. मधे पाणी आणि चार साधे ममरे. पहिला घास चटणीशिवाय. हिरव्या चटणीने कोणतीही टिक्की बरी लागते.

दुसरा घास दहा मिनिटांनी, गार झाल्यावर घ्या. डब्यासाठी घेणार असाल तर खरे गुण याच घासाचे. गरम असताना पंधरापैकी तेरा मिळवणारा समोसा गार झाल्यावर सातवर येतो. मलबार पराठा वातड होतो, पण साधा आलू पराठा टिकतो.

प्रत्येक निकालाशेजारी साधन लिहा : मायक्रोवेव्ह किती वॉट, तवा की एअर फ्रायर. फतेहगंजला पीजीत राहून एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलीकडे इंडक्शन आणि एक पॅन असतो. तिला तळायच्या टिक्कीपेक्षा पराठा आणि मटार उपयोगाचे.

तुलनेला बाहेरचा भावही लिहून ठेवा. बडोद्यात कोपऱ्याकोपऱ्यावर फरसाणवाला गरम समोसा देतो आणि सेवउसळीची प्लेट पोटभर होते. म्हणून आमच्या मते या शहरात फ्रोझन समोसा आणि कचोरी यांना किमतीत पाचच्या वर गुण देणं कठीण आहे. रात्री अकराला पाहुणे आले तरच त्यांची खरी गरज. पराठे, मोमो, बटाट्याचे फ्राइज आणि बिनहंगामी मटार मात्र पैसे वसूल करतात. शंभर-सव्वाशेतल्या पनीरच्या तयार जेवणांकडे सगळ्यांत सावधपणे बघा, कारण सोडियम जास्त आणि पनीर कमी ही जोडी तिथेच वारंवार सापडते.

एका पाकिटावर निकाल पक्का करू नका. दुसरं पाकीट वेगळ्या तारखेच्या बॅचमधलं, वेगळ्या दुकानातून घ्या. दोन निकालांत दहापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर एक पाकीट वाटेत बिघडलेलं होतं असं समजून तिसरं आणा. वहीत बॅच क्रमांक, तारीख, एमआरपी आणि निव्वळ वजन हे चारही लिहा. कंपन्या किंमत तीच ठेवून ४०० चे ३६० ग्रॅम करतात. पाकिटाचा रंग-आकार तसाच असतो, म्हणून दर खेपेला आधी ग्रॅम वाचा आणि वजन बदललेलं दिसलं की किंमतीचे दहा गुण नव्याने द्या.